घरातली जुनी तलवार, भाला ओळखायचा कसा? घासण्याआधी आणि विकण्याआधी हे वाचा

दसरा जवळ आला की माळ्यावरची, देवघरातली, तुळईला टांगलेली जुनी हत्यारं खाली येतात. खंडेनवमीला त्यांची पूजा होते आणि पूजेआधी साफसफाई. नेमका इथंच घोटाळा होतो. कुणी सॅंडपेपर मारतं, कुणी चिंच-लिंबू लावून घासतं, कुणी वेल्डिंगच्या दुकानात नेऊन ग्राइंडर फिरवतं. पातं चकाकतं, पण त्यावरची अक्षरं, सोन्याची तार, शिक्के आणि शेकडो वर्षांचा रंग अर्ध्या तासात निघून जातो. एकदा गेलेला परत येत नाही.

दुसरा घोटाळा भंगाराचा. मोडकी मूठ, गंजलेलं पातं बघून किलोवर घालणारे लोक आजही आहेत. तंजावरच्या भोसले घराण्याचं मोठं शस्त्रागार असंच गेलं. शेवटच्या राजांच्या मृत्यूनंतर, १८६० च्या दशकात तिथली निवडक हत्यारं मद्रासच्या संग्रहालयात गेली आणि उरलेली ढीगभर मोडून लोखंडाच्या भावानं विकली गेली. राजाच्या शस्त्रागाराचं हे झालं, तर आपल्या माळ्यावरच्या भाल्याचं काय होईल ते सांगायला नको.

म्हणून या लेखात सगळी माहिती एका जागी दिली आहे. हत्यार कोणतं, जुनं की नवं, जपायचं कसं, कायदा काय म्हणतो आणि नोंद कशी करायची. सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढं लक्षात ठेवा : आधी नोंद, मग बाकीचं.

आधी भाग ओळखा

तलवारीचे मुख्य भाग तीन : पातं, मूठ आणि म्यान. पात्याची एक कड धारेची, दुसरी जाड, तिला पाठ म्हणू. काही पात्यांवर लांबीनं पन्हळीसारखी खाच असते. लोक तिला 'रक्त वाहून जायची नाळ' म्हणतात, पण तिचं खरं काम पात्याचं वजन कमी करणं आणि ताठपणा टिकवणं हे आहे.

मुठीवर बोटांना आडोसा देणारी कमान असते, ती परज. मुठीच्या टोकाला चकती किंवा गज असतो. पात्याचा मागचा निमुळता दांडा मुठीच्या पोकळीत जातो आणि तिथं लाख किंवा राळ गरम करून ओतलेली असते. ही गोष्ट जुनं-नवं ओळखताना फार कामाला येते.

तलवारींचे मुख्य प्रकार

समशेर किंवा वाकडी तलवार : पातं कमानीसारखं वाकलेलं, एका बाजूला धार. मुठीच्या टोकाला ताटलीसारखी गोल चकती. उत्तरेत आणि दख्खनेत सगळीकडे ही चालत होती. म्हणून चकतीची मूठ दिसली की ती 'मोगलांचीच' असं म्हणता येत नाही. मराठ्यांच्या घरांतही अशा तलवारी भरपूर आहेत.

धोप : लांब, सडपातळ, सरळ किंवा अगदी थोडी वाकलेली. घोड्यावरून वार करायला सोयीची, म्हणून मराठा स्वारांची आवडती. मुठीला हात झाकणारी रुंद पत्र्याची वाटी आणि टोकाला मागे आलेला गज. गरज पडली तर दुसरा हात त्या गजावर धरून दोन्ही हातांनी वार करता येतो.

फिरंग : रूप धोपेसारखं, मूठही तशीच, पण पातं युरोपात बनलेलं. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांकडून अशी पाती बंदरांवर येत आणि इथले कारागीर त्याला आपली मूठ बसवत. फिरंगी लोकांचं पातं म्हणून फिरंग. या पात्यांवर कधी रोमन अक्षरं, कधी विळ्यासारखे दोन दातेरी शिक्के, कधी लांडग्याची रेघोटी आकृती असते. मात्र नुसता शिक्का पाहून पातं परदेशी ठरवू नका. युरोपी पात्याला मान होता, म्हणून आपल्याकडचे लोहारही तसेच शिक्के मारत.

खंडा : सरळ, रुंद, टोकाकडे आणखी रुंद होत गेलेलं पातं. टोक बोथट किंवा गोलसर. पाठीवर मुठीपासून काही अंतरापर्यंत मजबुतीसाठी पट्टी बसवलेली असते. खंडोबाच्या हातातलं हत्यार तेच.

पट्टा : लांब, सरळ, लवचिक, दुधारी पातं आणि कोपराजवळपर्यंत हात झाकणारी लोखंडी नळी. मूठ नळीच्या आत आडवी असते. मर्दानी खेळात दांडपट्टा आजही फिरतो, त्यामुळे हा ओळखायला सगळ्यात सोपा.

छोटी हत्यारं

कट्यार : दोन उभ्या पट्ट्यांमध्ये आडवी पकड. मूठ वळून पातं सरळ पुढं येतं, ठोसा मारल्यासारखा वार होतो. टोक बऱ्याचदा जाड केलेलं असतं, कारण चिलखताची कडी फोडायची असते.

बिचवा : विंचवाच्या नांगीसारखं दोनदा वळलेलं छोटं पातं, मूठ म्हणजे लोखंडाचा वेटोळा.

वाघनख : बोटात घालायची कडी आणि तळहाताच्या बाजूला नख्या. बाजारात नव्या वाघनखांचा सुळसुळाट आहे, म्हणून इथं शंका आधी घ्यावी.

संगीन : सैनिकी परंपरेच्या गावांत 'आजोबांची तलवार' म्हणून दाखवलेली वस्तू कधी कधी बंदुकीची संगीन निघते. आडव्या पट्टीला बंदुकीच्या नळीसाठी गोल कडं असेल आणि मुठीच्या टोकाला खाच असेल तर ती संगीनच. ब्रिटिश फौजेच्या १९०७ च्या नमुन्याच्या संगिनीचं पातं १७ इंच लांब असतं. पात्याच्या बुडाशी इंग्रजी अक्षरं आणि आकडे सापडतात. ती शिवकाळातली नाही म्हणून वाईट वाटायचं कारण नाही. घरातला माणूस महायुद्धात गेला होता याची ती खूण असू शकते.

भाले, बर्च्या, विटा

भाल्याकडे लोक कमी बघतात, कारण दांडा गेलेला असतो आणि उरतं ते नुसतं फाळ. पण फौजेत तलवारीइतकाच भाला महत्त्वाचा होता. मराठा स्वारांचा लांब भाला बांबूच्या दांड्याचा असायचा. लाकूड, बांबू कुजतो, किडतो, म्हणून आज दिसणारा दांडा बहुतेक वेळा नंतर बसवलेला असतो. त्यावरून काळ ठरवू नका.

फाळ हातात घेऊन तीन गोष्टी बघा. पहिली, आकार. पानासारखं चपटं, दुधारी फाळ मांसल वार करतं. तिधारी किंवा चौधारी, सुळ्यासारखं फाळ जिरेटोप-चिलखत भेदायला बनवलेलं असतं. दुसरी, दांडा बसवायची नळी. हाताने घडवलेल्या नळीत पत्रा गुंडाळून जोडलेली शिवण दिसते किंवा बोटाला लागते. एकसारखी गुळगुळीत पाइपसारखी नळी असेल आणि वेल्डिंगचा ओघळ असेल तर ते अलीकडचं काम. तिसरी, तोल. लढाईचं फाळ सडसडीत असतं.

विटा हा खास आपला प्रकार. आखूड भाला, त्याच्या बुडाला दोरी आणि दोरीचं दुसरं टोक मनगटाला. फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. बुडाच्या लोखंडी टोपणाला कडी दिसली तर ती दोरीची असू शकते.

एक लक्षात ठेवा : सगळे भाले फौजेचे नसतात. रानडुकराच्या शिकारीचे, राखणदाराचे, पालखीपुढं चालणाऱ्या मानकऱ्यांचे, देवाला वाहिलेले असेही भाले गावागावांत आहेत. प्रत्येकाची आपली गोष्ट आहे, पण ती वेगळी लिहायला हवी.

वजनाचा गैरसमज

'आमच्या पणजोबांची तलवार वीस किलोची होती' असं हमखास ऐकायला मिळतं. लढाईची तलवार साधारण किलो-सव्वा किलोची असते, थोडी कमी-जास्त. घोड्यावर बसून तासन् तास चालवायचं हत्यार त्याहून फार जड असून चालत नाही. जेजुरीला दसऱ्याला जो खंडा उचलतात तो सुमारे ४२ किलोचा आहे, पण तो खंडोबाला अर्पण केलेला, ताकदीच्या कसोटीचा. लढायचा नव्हे. तुमच्या घरची तलवार सहा-सात किलो भरली तर ती एकतर देवाची, शोभेची, नाहीतर नवी.

जुनं की नवं?

एका खुणेवरून निकाल देऊ नका. तीन-चार खुणा जुळल्या तरच म्हणा.

नव्याच्या खुणा : पातं आरशासारखं चकचकीत, गंज चढतच नाही, म्हणजे स्टेनलेस. पात्यावर एकाच दिशेच्या ग्राइंडरच्या बारीक रेघा. मुठीला साच्याची शिवण. मुठीच्या टोकाला नट-बोल्ट किंवा आटे. पातं आणि मूठ यांच्या सांध्यात वेल्डिंग किंवा एम-सील. ॲसिडने उठवलेली, सगळीकडे एकाच खोलीची नक्षी. ठसठशीत आधुनिक वळणात लिहिलेलं राजांचं नाव. नारिंगी, बोटाला लागणारा, सगळीकडे सारखा गंज असेल तर तो मीठ किंवा ॲसिड लावून चढवलेला असण्याची शक्यता मोठी.

जुन्याच्या खुणा : गडद तपकिरी-काळपट, घट्ट बसलेला रंग. हाताची पकड जिथं असते तिथं मूठ झिजलेली. पात्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नाहीत, कारण हाताने घडवलेलं आहे. मुठीच्या सांध्यातून डोकावणारी काळी-लालसर लाख. धारेवर जुने, झिजून गुळगुळीत झालेले खवले. पाठीवर किंवा मुठीजवळ टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं, आकडे. शस्त्रागारात हत्यारांवर असे क्रमांक घालत.

लोहचुंबकाची परीक्षा उपयोगाची नाही. जुनं पोलाद चिकटतं आणि कालचं लोखंडही चिकटतं. त्यावरून फार तर मूठ पितळेची आहे की लोखंडाची एवढंच कळेल.

जुनं पातं आणि नंतरची मूठ, किंवा उलट, हे तर नेहमीचंच. पातं तुटलं की मूठ दुसऱ्याला बसवत. त्यामुळे जोड दिसली म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. मूठ आणि पातं यांची वेगवेगळी नोंद करायची, बस्स.

सॅंडपेपर का नको

तीन कारणं. पहिलं, काही जुन्या पोलादी पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते. तिला जव्हर म्हणतात. ती वरून काढलेली नसून पोलादातच असते. आजच्या तेलंगणातलं कोनासमुद्रम हे गाव अशा पोलादासाठी इतकं प्रसिद्ध होतं की इराणी व्यापारी ते घ्यायला तिथं येत. पातं घासलं की ही नक्षी दिसेनाशी होते आणि पातं साध्या पट्टीसारखं वाटतं.

दुसरं, मुठीवरची सोन्या-चांदीची नक्षी. लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा पाडून त्यात तार ठोकून बसवतात, याला कोफ्तगरी म्हणतात. तिचा थर केसाएवढा पातळ. दोन हात फिरवले की संपली.

तिसरं, अक्षरं. याचं ताजं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. नागपूरच्या भोसले घराण्याचे पहिले रघुजी यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात आली आणि महाराष्ट्र सरकारनं ती ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपी, मूठ मराठा घडणीची. ती रघुजींची आहे हे कशावरून कळलं? पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत त्यांचं नाव, 'सेनासाहेब सुभा' ही पदवी आणि 'फिरंग' हा शब्द लिहिलेला आहे. ती एक ओळ कुणी घासून काढली असती तर ती एक सुंदर, पण निनावी तलवार राहिली असती.

आणि माहिती अर्धवट राहिली की काय होतं ते साताऱ्याला आलेल्या वाघनखांवरून दिसतं. जुलै २०२४ मध्ये तिथल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आणलेली वाघनखं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं तीन वर्षांसाठी उसनी दिली. ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे होती, पेटीवर तसा मजकूरही आहे. तरी अफझलखानाच्या वेळचीच ही वाघनखं, असं खात्रीनं सांगता येत नाही, असं ते म्युझियम स्वतःच म्हणतं. वस्तू हातात आहे, पण मधली साखळी कागदावर नाही. आपल्या घरातल्या वस्तूची साखळी अजून आजी-आजोबांच्या तोंडी आहे. ती लिहून घ्यायची वेळ आत्ताच आहे.

जपायचं कसं

कोरड्या सुती फडक्यानं धूळ पुसा. खाचेत मऊ ब्रश चालेल. पाणी, साबण, चिंच, लिंबू, राख, रांगोळी काहीही नको.

पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. खोबरेल, गोडेतेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा एवढं पुरे.

पातं उघड्या हातानं धरू नका, घामातल्या मिठानं गंज चढतो. हळद-कुंकू लावलंच तर पूजा उठल्यावर लगेच कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. देवाचा मान राहतो आणि वस्तूही.

चामड्याचं, लाकडाचं म्यान ओलावा धरतं. पावसाळ्यात पातं म्यानाबाहेर, सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकमध्ये नको. म्यान फाटकं असलं तरी फेकू नका. पातं म्यानात अडकलं असेल तर ओढाताण करू नका, म्यान फाटतं आणि बोटंही जातात.

शेतात, विहिरीत, वाड्याच्या पायात सापडलं तर

शेततळं, विहीर, जुन्या वाड्याचा पाया खणताना हत्यार लागलं तर खणणं थांबवा. जागेचा फोटो काढा. मातीतलं लोखंड आतून पोखरलेलं असतं, धुतलं की पापुद्रे सुटतात. मातीसकट कोरड्या जागी ठेवा.

जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंना १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू होतो. किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर काय सापडलं, कुठं, कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. लपवलं तर सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कळवलं आणि चौकशीत दुसरा मालक नाही असं ठरलं, तर जमीनमालक आणि सापडणारा वेगळे असल्यास आणि त्यांच्यात दुसरा काही करार नसल्यास सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि मालकाला एक हिस्सा अशी वाटणी कायद्यातच आहे. सरकारला वस्तू हवी असेल तर ते किंमत आणि वर पाचवा हिस्सा देऊन घेऊ शकतं. म्हणजे कळवण्यात तोटा नाही, लपवण्यात आहे.

संरक्षित गडकोटांवर खणणं, मेटल डिटेक्टर फिरवणं हा छंद नाही, गुन्हा आहे.

कायद्याच्या आणखी तीन गोष्टी

एक, १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पाठवली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. त्यामुळे 'परदेशातली पार्टी आहे, लाखो देईल' असा फोन आला की समजून घ्या, तो तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय किंवा फसवतोय. वस्तूला तांदूळ चिकटतो, त्यामुळे कोटींना जाते, असं सांगणारे तर सरळसरळ ठग.

दोन, शस्त्र अधिनियम १९५९. तलवार, भाला, संगीन, कट्यार ही नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं नियमांत शस्त्र म्हणून धरली आहेत. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यात नाहीत. 'जुनी आहे म्हणून चालतं' असं गृहीत धरू नका. घरात वारशानं आलेलं हत्यार असेल तर फोटोसह लेखी अर्ज आपल्या पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. तिथं सांगतील तसं पुढं करा.

तीन, मनाई आदेश. जिल्ह्यात जमावबंदी-शस्त्रबंदीचा आदेश असताना हत्यार घेऊन फिरणं गुन्हा आहे. वाढदिवसाचा केक तलवारीनं कापून स्टेटस ठेवणाऱ्या पोरांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पोराच्या एका रीलपायी घरची चार पिढ्यांची तलवार मुद्देमाल म्हणून जप्त होते. घरातल्या तरुणांना हे आधी सांगा.

संग्रह करायची हौस असेल तर

परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या, पावती घ्या, पावतीवर वस्तूचं वर्णन लिहून घ्या. गावदेवाची, देवस्थानची हत्यारं कुणा एकाची नसतात, ती विकत घेऊ नका आणि विकू देऊ नका. घेण्याआधी अस्सल वस्तू भरपूर बघा. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय, कोल्हापूरचा न्यू पॅलेस, नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय. डोळा तयार झाला की बाजारातली नवी तलवार दुरून ओळखू येते. घरात मोडीत कागद असतील तर ते वाचून घ्या, पुण्यातल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांत मोडीचे जाणकार असतात. कागदात हत्याराचा उल्लेख सापडला तर त्याची किंमत पैशात होत नाही.

नोंद अशी करा

एक वही करा. प्रत्येक हत्याराला एक पान द्या आणि क्रमांक घाला. क्रमांक हत्यारावर कोरू नका, सुताने चिठ्ठी बांधा.

१. पूर्ण लांबी, पात्याची लांबी, मुठीजवळची रुंदी, वजन. किराणा दुकानातला डिजिटल काटा चालतो.

२. फोटो : दिवसाच्या उजेडात, सावलीत, शेजारी फूटपट्टी ठेवून. पूर्ण हत्यार दोन्ही बाजूंनी, मूठ, टोक, पात्याची पाठ. पाठ विसरू नका.

३. अक्षरं किंवा शिक्के : मोबाइलची बॅटरी तिरपी धरून फोटो काढा, पुसट अक्षरंही उठून दिसतात. खडू, कोळसा चोळू नका.

४. कुणाकडून कुणाकडे आलं. नाव, नातं, गाव. माहीत नसेल तिथं 'माहीत नाही' असंच लिहा.

५. घरातले वडीलधारे काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला तर अजून चांगलं.

६. म्यान, दांडा, कापड, कागद, सोबत जे असेल ते.

वहीचा एक फोटो-संच घराबाहेरच्या विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. मात्र हत्याराचे फोटो गावच्या ग्रुपवर किंवा फेसबुकवर घराच्या पत्त्यासह टाकू नका, चोरांनाही स्मार्टफोन असतो.

मूठ मोडकी असो, पातं गंजलेलं असो, सुरुवात मोजपट्टी आणि वहीनं करा. सॅंडपेपर दुकानातच राहू द्या.